टेकोबाची उत्तरपूजा

पुणे
१० नोव्हेंबर १९९७

वहिनी, तुम्हाला वाकून नमस्कार. दादाला लांबूनच, तो कधी पाया पडू देत नाही.

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेला शंकरपाळ्यांचा डबा खोलीतल्या दोघींनी मी एसटीची धूळ झटकायच्या आत उघडला. करंज्या मात्र ट्रंकेत आहेत, कुलपात.

आता कामाचं. परीक्षेची गाईडं छापणाऱ्या आमच्या मालकांनी मला यंदा एक अख्खं प्रकरण दिलंय. म्हणाले, "मॅडम, पोरं इंग्रजी वाक्प्रचार रात्रभर पाठ करतात आणि परीक्षेच्या वर्गात शिरताना दारातच सांडतात. तुम्ही प्रत्येकाचा उगम द्या. मूळ कळलं की डोक्यात बसतं." माझ्या वाट्याला आलेत ते सगळे बळकटीचे. आधार देणं, मजबूत करणं, जोर आणणं. मुदत जानेवारीअखेर.

अडचण अशी की पुस्तकं मला इंग्रजांच्या घरातल्या वस्तू सांगतात. आपल्याकडच्या पोराला त्या दाखवायच्या कशा, ते तुम्ही सांगायचं. तुम्ही लग्नानंतर मॅट्रिक झालेल्या, त्यामुळे शिकणाऱ्याची पंचाईत तुम्हाला ठाऊक. पहिले दोन घ्या.

बोल्स्टर. इंग्रजांकडे ही एक लांबोळी उशी. त्यावरून एखाद्याला धीर देणं, दाव्याला बळ देणं, यालाही बोल्स्टर म्हणायला लागले.

शोअर अप. हा शोअर डच लोकांकडून आला. भिंत कलली किंवा जहाज बांधायला घेतलं की खालून लाकूड लावतात, ते लाकूड म्हणजे शोअर. आता पडायला आलेलं सरकारसुद्धा शोअर अप करतात.

यावरून आठवलं. दिवाळीत आपण मारुतीच्या देवळात भजनाला बसलो होतो तेव्हा सभामंडपाची मधली तुळई करकरली होती आणि प्रयागमावशींचा टाळ हवेतच थांबला होता. तिचं पुढं काय केलं? बायका अजून तिच्याखालीच बसतात का?

तुमची,
आरती


॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥
मळ्याची वाडी, पो. ओझर
१९ नोव्हेंबर १९९७

चि. आरती, तुला उदंड आशीर्वाद, आणि करंज्यांवर मुंग्या येतील एवढ्या दिवस ठेवू नकोस.

तुझं पत्र नेहमीसारखं आधी देवापुढं ठेवलं, मग वाचलं. बोल्स्टर म्हणजे आपला लोड. लिही की पावणा आला, त्याच्या पाठीला लोड दिला, की त्याची बोलायची ऐपत वाढते. पोरांना कळेल. सोयरीक जमवायला आलेला माणूस लोडाशिवाय आकडा बोलत नाही.

शोअर तर आमच्या समोरच उभा आहे. तुळईचं विचारलंस ना? तू गेल्यावर चौथ्या दिवशी सयाजी गवंड्याला बोलावलं. त्यानं शिडीवर चढून बघितलं, खाली आला, टोपी काढली आणि म्हणाला, "वहिनीसायेब, तुळईला आडवी चीर हाय. खाली खांब पायजेच. पर माझी दोन घरं चालू हाईत, संक्रांतीबिगर मोकळा न्हाई." तोवर म्हणून वाडीतल्या कुशाबांचा सागवानी वासा उसना आणला आणि तुळईखाली उभा ठोकला. करकर थांबली. आम्ही पुन्हा त्याच जागी बसतो.

भजनी मंडळाच्या वहीत मी कोणाची सतरंजी, कोणाची समई आली ते लिहिते, त्यात लिहून ठेवलंय: कुशाबा, वासा एक, संक्रांतीला परत.

वाशाला कोणीतरी हळदकुंकू लावलंय. लोकांना काय, निमित्तच हवं.

तुझे दादा बरे आहेत. टोमॅटोला बांबू-तारा लावायचं काम चालू आहे. तेही शोअर अपच म्हणायचं का, ते विचारतायत.

आशीर्वादासह,
इंद्रायणी


पुणे
२ डिसेंबर १९९७

वहिनी,

तुमचा लोड मालकांना इतका आवडला की ते हसता हसता खुर्चीतून पुढे सरकले. टोमॅटोच्या बांबूंनाही हरकत नाही, दादाला सांगा.

आणि तो हळदकुंकवाचा वासा! मी इथं एकटीच हसतेय. त्याला नाव ठेवलंय की नाही? मी ठेवते. टेकोबा. टेकोबाला माझा दंडवत सांगा आणि म्हणावं, माझं प्रकरण मुदतीत पुरं होऊ दे, नारळ फोडीन.

आता पुढचे दोन. पहिला लिहायची मला भीती वाटते, कारण तुम्ही पत्र देवापुढं ठेवता. बीफ अप. रागावू नका. हा अमेरिकेकडचा बोलीतला शब्द. तिकडे बैलाच्या मांसाला बीफ म्हणतात तसं माणसाच्या दंडातल्या जोरालाही म्हणायचे. त्यावरून एखाद्या गोष्टीत जोर भरणं म्हणजे बीफ अप. ठेवू की गाळू?

दुसरा सोज्वळ आहे. गर्ड अप युवर लॉइन्स. बायबलातला. त्या काळी तिकडचे पुरुष पायघोळ अंगरखे घालत. पळायचं किंवा काम करायचं तर घोळ उचलून कमरेच्या पट्ट्यात खोचायचे. म्हणून तयारीला लागणं, कंबर बांधणं.

आरती


॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥
मळ्याची वाडी
२२ डिसेंबर १९९७

चि. आरती,

तुझं पत्र या खेपेला देवापुढून उचलून आधी वाचलं आणि मग परत ठेवलं नाही. एवढंच सांगते.

पण शब्द गाळू नकोस. पोराला परीक्षेत आला तर तो काय करील? असं लिही की बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना गिऱ्हाईक आधी खांदा आणि वशिंड दाबून बघतं, कारण जोर तिथं असतो. बैलात जोर असतो हे त्यांनाही कळलं आणि आपल्यालाही. आपल्याला ते बैल जिवंत असताना कळलं, एवढाच फरक.

खोचायचं तर आम्हाला शिकवायला नको. पदर खोचल्याशिवाय या घरात चूल पेटत नाही. तुझे दादासुद्धा दारं धरायला जाताना धोतर गुडघ्यापर्यंत उचलून काचा मारतात. बायबलातल्या माणसांनी उसाला पाणी दिलं असतं तर त्यांनीही असंच केलं असतं.

आता एक गंमत. तुझं पत्र मी भजनाला नेलं होतं. टेकोबाचं नाव वाचल्यावर बायका इतक्या हसल्या की साळुबाईंचा पदर तोंडातून निघेना. पण प्रयागबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्याची शिकल्याली पोर नारळ बोलतीया म्हंजी काय उगीच व्हय?" पुढच्या शनिवारी वाशाला रुईची माळ. त्याच्या पुढच्या शनिवारी शेंदूर. मारुतीच्याच देवळात असल्यामुळं शेंदूर शोभलाही. साळुबाईंची म्हैस मागं तीन वेळा गाभडली होती, यंदा आठवा महिना लागला तरी गाभ टिकलाय. त्यांनी गूळ वाटला आणि एक खडा वाशाच्या पायाशी ठेवला.

बायकांचा जीव रमतो. असू दे.

इंद्रायणी


पुणे
२४ जानेवारी १९९८

वहिनी,

तिळगूळ मिळाला. प्रकरण काल दिलं, मुदतीच्या आठ दिवस आधी! मालकांनी दुसरं पुस्तकही देऊ केलंय. हे प्रयागमावशींना मुळीच सांगू नका, नाहीतर श्रेय टेकोबाला जाईल.

छापायच्या आधी दोन शब्द बघून द्या. स्टील युवरसेल्फ, म्हणजे मन घट्ट करणं. स्टील म्हणजे पोलाद. पूर्वी हत्यार साध्या लोखंडाचं करायचे आणि धारेपुरतं पोलाद बसवायचे. पोलाद बसवण्याला क्रियापद तेच. पुढे ते माणसाच्या मनाला लावलं.

आणि बट्रेस. मोठ्या देवळाच्या भिंतीला बाहेरून बांधलेला पुश्ता. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ढकलणं. भिंत बाहेर पडू पाहते, हा तिला आत ढकलून धरतो. ढकलून दिलेला आधार! याला आपल्याकडचं उदाहरण सापडेना.

संक्रांत झाली. सयाजीभाऊंनी खांब बसवला का? तुम्ही काहीच लिहिलं नाही.

आरती


॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥
मळ्याची वाडी
२५ फेब्रुवारी १९९८

चि. आरती,

उत्तराला महिना लागला. आजारी कोणी नाही, घाबरू नकोस.

आधी तुझं काम. पोलादाचं बरोबर आहे. आपल्या लोहाराकडून कुऱ्हाडीच्या तोंडाला अजून तशीच पट्टी बसवून आणतात. आणि ढकलून आधार द्यायचं उदाहरण तुझ्याच घरात होतं. तुझी आई. लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर त्यांनीच मला मॅट्रिकला बसवलं. मी रडायचे, इंग्रजी जमत नाही म्हणायचे, तर म्हणायच्या, "रडत रडत वाच, पर वाच." परीक्षेला निघाले तेव्हा पाठीवर हात ठेवून मला अक्षरशः उंबऱ्याबाहेर लोटलं. इंग्रजीत काठावर सुटले. हे पुस्तकात घालू नकोस. तुला सांगितलं.

आता देवळाचं. खांब बसलेला नाही.

सयाजी संक्रांतीनंतर आला होता. वासा जिथं आहे तिथंच खांबाचा खड्डा घ्यावा लागणार, म्हणून त्यानं वाशाला हात घातला. प्रयागबाई आडव्या आल्या. "सयाजी, देवाला हात लावशील तर हात ऱ्हाईल का?" सयाजी गवंडी असला तरी माळकरी आहे. त्यानं हात मागं घेतला. दुसऱ्यांदा आला तेव्हा साळुबाईंनी म्हैस व्यायल्याचं सांगितलं. रेडी झाली. मग तर विषयच संपला.

गेल्या सोमवारी सयाजी मला एकटीला म्हणाला, "वहिनीसायेब, जरा इकडं या." त्यानं वाशाच्या पायाशी पहारेचं टोक लावलं आणि नुसतं दाबलं. टोक चार बोटं आत गेलं, पिकल्या चिक्कूत जावं तसं. आरती, तीन महिने त्या लाकडाच्या पायावर रोज तांब्याभर पाणी, नारळाचं पाणी, गुळाचे खडे. आधी मुंग्या आल्या, त्यांच्या मागं वाळवी. वरून शेंदूर झकझकीत आणि आत भुसा.

सयाजी म्हणतो, आज उभा आहे, उद्याचं सांगत नाही. पाच एप्रिलला हरिनाम सप्ताह बसतो. हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन. पाच गावच्या बायका त्या तुळईखाली मांडीला मांडी लावून बसणार. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आम्ही आता ओट्यावर उन्हात बसतो, मी कारण सांगते की आत उकडतं. पण सप्ताहात कोणाला बाहेर बसवू?

तू शब्दांचं मूळ शोधतेस, म्हणून विचारते. तो शोअर इंग्रज एकदा लावला की काढतात का? कसा काढतात? काही धार्मिक विधी करतात का?

लवकर लिही. आंतरदेशीय पत्रानं आठवडा जातो.

इंद्रायणी


पुणे
५ मार्च १९९८

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दादा मार्केट यार्डात टोमॅटो घेऊन आला होता. दुपारी खोलीवर आला, चहा घेतला. मी म्हटलं, "दादा, त्या वाशाला पहिलं कुंकू लावलं तरी कोणी?" दादानं बशी खाली ठेवली. "तुला न्हाई सांगितलं तिनं? तुझ्या वहिनीनंच. वासा ठोकून सयाजीची पाठ फिरली, ही लगेच हळदकुंकवाची वाटी घेऊन हजर."

वहिनी! "कोणीतरी लावलंय, लोकांना काय, निमित्तच हवं!" पत्र काढून दादाला वाचून दाखवलं. त्याला ठसका लागला.

हसून झालं. मग मला माझीच लाज वाटली. तुम्ही बोट लावलंत, पण नाव मी ठेवलं, नारळही मीच बोलले. मी चेष्टा केली आणि मावशींनी ती खरी धरली. वाळवीला आमंत्रण दोघींच्या सहीनं गेलंय.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. हो, काढतात. जहाज जमिनीवर बांधतात तेव्हा ते दोन्ही अंगांनी शोअरवर उभं असतं. बांधून झालं की पाण्यात सोडायच्या दिवशी एकेक शोअर ठोकून मोकळा करतात. शोअर तसेच ठेवले तर जहाज पाण्यात उतरायचंच नाही. म्हणजे त्या लाकडाचं काम निघून जाण्यानंच पुरं होतं. विधी मात्र पुस्तकात सापडला नाही.

आणखी एक शब्द, सयाजीभाऊंच्या कामाचा. ब्रेस. मूळ अर्थ दोन बाहू. एखादी गोष्ट दोन्ही हातांनी कवेत धरणं. वासा काढण्याआधी तुळईला दोन्ही बाजूंनी दोन तिरपे टेकू द्यायला सांगा, म्हणजे एक आधार काढताना दुसरे दोन धरून राहतील. त्यांना हे ठाऊक असेलच. पण त्या दोघांना कुंकू लागणार नाही एवढं बघा.

आणि वहिनी, मावशींना खरं सांगा. मी यायला हवं असेल तर येते.

तुमची गुन्हेगार जोडीदार,
आरती


॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥
मळ्याची वाडी
३० मार्च १९९८, पाडव्याचा तिसरा दिवस

चि. आरती,

तुझ्या दादांनी घरी येऊन सांगितलं की मी चहा पिऊन सगळं ओकून आलो. त्या दिवशी त्यांना भाजी बिनमिठाची मिळाली.

खोटं का लिहिलं ते सांगते. नवी विळी आणली तरी मी तिला बोटभर कुंकू लावते, पाटा टाकीला दिला तरी लावते. करकर थांबली म्हणून वाशालाही लावलं. नंतर बायकांनी त्याचा देव केला तेव्हा मला वाटलं, हे आपलं नाही. मी नुसतं बोट लावलं, गूळ त्यांनी ठेवला. मग वाळवी निघाली आणि वाटलं, आता सांगितलं तर प्रयागबाई सप्ताहभर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर सप्ताहच कोणावर तरी कोसळेल. तरी तोंड उघडेना.

तुझं पत्र आल्यावर आधी जहाजाचा उपाय केला, कारण त्यात मला काही कबूल करावं लागत नव्हतं. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. जहाज, पाणी, एकेक लाकूड मोकळं करणं. बायका शांत ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं. प्रयागबाई म्हणाल्या, "झालं वाचून? आपलं देऊळ का बोट हाय? आपल्याला काय त्ये कुकडीच्या पान्यात सोडायचंय?" सगळ्या खो खो हसल्या. सयाजीनं पुढं येऊन वाशाचा पाय दाखवला, भुसा हातावर घेऊन दाखवला. प्रयागबाईंनी तो बोटांत चोळून बघितला. लाकूड कळत नाही अशी बाई नाही ती, चाळीस वर्षं संसार केलाय. पण मग म्हणाल्या, "कुजलं त्ये दिसतंय मला. पर बसल्याल्या देवाला कुनीबी कसा उठवंल? ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा आसतो. गणपती न्हाई का? ज्याच्या घरी बसला त्योच उत्तरपूजा करतो. ह्येला बसवला कुनी त्ये कळल्याबिगर उठवायचा कुनी?"

मी उठून उभी राहिले. तुझं ते पोलाद आठवलं, पण खरं सांगते, पोलादबिलाद काही नव्हतं. नुसतं तोंडातून निघून गेलं, "प्रयागबाई, मी बसवला. पहिलं कुंकू माझं."

साळुबाईंनी तोंडावर पदर घेतला. प्रयागबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं बया! म्हंजी चार म्हैने मी तुझ्या बोटाला नमस्कार करतीया व्हय?"

पहिलं हसू कोणाचं फुटलं कोण जाणे. त्यानंतर मात्र थांबेना. सयाजी तर पहार धरून खाली बसला. प्रयागबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. म्हणाल्या, "हसताय काय? बसवणारी सापडली. आता उठव त्येला. पर रीतीनं. उपाशी धाडायचा न्हाई."

चौदा तारखेला सकाळी उत्तरपूजा केली. सयाजीनं आधी तुळईला दोन्ही अंगांनी तिरपे टेकू दिले. तू लिहिलंस तेच दोन बाहू, फक्त त्याला ते तुझ्याआधीपासून ठाऊक. मी त्या दोघांच्या मध्ये पाट टाकून बसले, कोणाच्याही हातात कुंकवाची वाटी दिसली की डोळे वटारून बघत होते. मग वाशाला गंध, फूल, अक्षता वाहिल्या. दहीभाताची शिदोरी फडक्यात बांधून वाशाला टांगली. हात जोडून म्हटलं, "बाबा, तू लई सोसलंस. आमचं वजन सोसलंस आणि आमची भक्तीही सोसलीस. आता मोकळा हो." हे कुठल्या पोथीत नाही. मला आलं तसं म्हटलं. प्रयागबाईंनी डोळे पुसले. अक्षता टाकून मी वासा बोटानं जरा हलवला, गणपतीला हलवतात तसा.

नुसत्या बोटानं हलला, आरती. तेव्हा मात्र एकूण एक बाई दोन पावलं मागं सरकली.

तो निघाला तशी कुशाबांची नवीच पंचाईत. बायका म्हणाल्या, उत्तरपूजा झाली, आता विसर्जन. कुशाबा ओरडले, "माझा सागवानी वासा नदीत? आवो, मी उसना दिल्ता, नवस न्हवता केला!" अर्धा तास वाद. शेवटी प्रयागबाईंनीच निकाल दिला. कुजलेला पाय करवतीनं कापून कुकडीत सोडला, बाकीचं अंग कुशाबांच्या खांद्यावर घरी गेलं. जाताना कुरकुरत होते, "देव करून परत दिला. आता ह्येला गोठ्यात लावू कसा? म्हशी शेण टाकत्यात." आमचे हे म्हणाले, "साळुबाईंच्या गोठ्यात लावा, तिथं मान ऱ्हाईल."

वहीत वासा परत अशी नोंद केली, आणि पुढं कंसात लिहिलं: हातभर कमी.

खड्डा घेतला, खडी-सिमेंट भरलं, लोखंडी खांब उभा केला. पंधरा दिवस मी आणि साळुबाई सकाळ-संध्याकाळ पाया भिजवत होतो. या खेपेला पाणी घालायला सयाजीनंच सांगितलं होतं, म्हणून काळजी नव्हती.

काल तिरपे टेकू काढले. पुरुष मंडळी बाहेर उभी, बायका ओट्यावर. पहिला निघाला, काही नाही. दुसऱ्याला सयाजीनं हातोडा मारला आणि तुळई करकरली. एकदाच, पण सगळ्यांनी ऐकलं. सयाजी म्हणाला, "बसतीय ती खांबावर, जड हाय. भ्यायचं कारण न्हाई." पण कोणाचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. मी सुद्धा बाहेरच उभी राहिले होते, खोटं कशाला लिहू? सप्ताह आठवड्यावर आणि आमची देवळात जायची छाती होईना. साळुबाई हळूच म्हणाल्या, "यंदा मांडव भायेरच घालावा का?"

प्रयागबाईंनी चपला काढल्या. सरळ आत गेल्या, तुळईखाली बरोबर मध्ये, खांबाला पाठ लावून मांडी घालून बसल्या. पिशवीतून टाळ काढले. वर बघितलं, मग आमच्याकडं बघितलं.

"मी बसले न्हवं? आता या समद्या. का मलाच एकटीला म्हणायला लावताय?"

आम्ही गेलो. पहिल्या अभंगाला आवाज चोरटा होता. दुसऱ्याला कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तू अकराला काल्याला ये. आत जागा आहे. प्रयागबाई म्हणाल्यात, नारळ तू बोलली होतीस, तो मारुतीपुढं फोड.

वाट बघते,
इंद्रायणी